सिझरच्या बाळंतिणीच्या उशाशी

"बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर करावं लागेल." हे एकदा ठरलं की पुढच्या अर्ध्या तासात त्या बाईच्या अंगाला सात-आठ अनोळखी हात लागतात. कुणी शीर शोधून सुई घालतं, कुणी सही घेतं, मावशी बांगड्या काढायला सांगतात, कुणी लघवीची नळी घालतं, कुणी ट्रॉली ढकलतं. जो तो आपलं काम नीट करत असतो. तरी दुसऱ्या दिवशी वॉर्डात विचारलं तर ती म्हणते, "सिस्टर, काय चाललंय ते मला कुणी सांगितलंच नाही." बाळंतीण विभागात काम करताना हे आम्ही इतक्या जणींकडून ऐकलं की शेवटी एक नेम करून टाकला: आधी सांगायचं, मग हात लावायचा.

हा विषय थोड्या जणींचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, गोव्यात ३९.५ टक्के. म्हणजे आपल्याकडे चारातली एक बाई पोटावर टाके घेऊन घरी जाते. टाक्यांची काळजी कशी घ्यायची ते सगळ्यांना शिकवलेलं असतं. ती घेत असताना बाईच्या मनाचं काय होतं, ते मात्र कामावर लागल्यावर, खाटेशी उभं राहूनच कळत जातं.

ठरवून केलेल्या सिझरमध्ये पहिली चूक होते ती उपाशी ठेवण्यात. हलकं खाणं सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधी बंद, एवढंच पुरेसं असतं. पण "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको" असं सांगून मोकळं व्हायची सवय आहे. मग सकाळी नऊची केस मधल्या तातडीच्या केसेसमुळे दुपारी दोनला जाते आणि बाई चौदा तास कोरडी राहते. घसा सुकलेला, डोकं दुखतंय, हाताच्या शिरा बसलेल्या. सुई तीनदा टोचावी लागली की तिचा धीर तिथेच निम्मा होतो. यादी लांबतेय असं दिसलं की थिएटरला फोन करायचा, नवी वेळ विचारायची आणि भूलतज्ज्ञांच्या संमतीने तिला पाणी द्यायचं. एक फोन आणि एक पेला, एवढंच ते काम आहे.

मंगळसूत्र आणि जोडवी काढताना खूप जणी गप्प होतात. धातू अंगावर असला तर रक्त थांबवायच्या विजेच्या यंत्रामुळे भाजू शकतं, हे कारण सांगितलं की बाई स्वतःच हात मागे नेऊन काढायला लागते. दागिने तिच्या डोळ्यांसमोर, ती सांगेल त्याच माणसाच्या हातात द्यायचे आणि रजिस्टरवर त्याची सही घ्यायची. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर ऑक्सिजन मोजायचा चिमटा कधी कधी नीट वाचत नाही. दुसरं बोट, पायाचा अंगठा किंवा कानाची पाळी धरून बघता येतं. "कशाला लावली मेंदी?" असं तिला त्या घडीला विचारू नये. डोहाळजेवणाची मेंदी असते ती.

लघवीची नळी जागेपणी घातली की झोंबते आणि लाजही वाटते. घाई नसेल तर ती भूल दिल्यानंतरच घालावी. आधीच घालावी लागली तर पडदा ओढून, एकच सिस्टर आणि एक मावशी, बाकी सगळे बाहेर.

भुलीसाठी पाठीत देतात त्या सुईची भीती पोट कापायच्या भीतीपेक्षा मोठी असते. "त्या सुईने जन्मभर कंबर दुखते," हे तिने जावेकडून, शेजारणीकडून ऐकलेलं असतं. नॉर्मल बाळंतपण झालेल्या बायकांचीही कंबर दुखते. पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात आणि बाळाला वाकून पाजणं, उचलणं दिवसभर चालू असतं. टोचलेली जागा थोडे दिवस हुळहुळते, पण कायमची कंबरदुखी त्या सुईने होते असं आढळलेलं नाही. हे तिला टेबलावर चढायच्या आधी सांगावं, चढल्यावर तिला काही ऐकू येत नाही.

सुई देताना एक सिस्टर समोर हवीच. बाई टेबलाच्या कडेला पाय सोडून बसते, हनुवटी छातीला, खांदे सैल, पाठ मांजरासारखी बाहेर. नऊ महिन्यांच्या पोटाने असं वाकणं जड जातं. तिचं कपाळ आपल्या खांद्यावर टेकवून घ्यायचं, दोन्ही खांदे धरायचे आणि एकेक गोष्ट घडायच्या आधी सांगायची: आता गार औषध लागेल, आता मुंगी चावल्यासारखं होईल, आता पाठीत दाब जाणवेल, हलू नका. कळ आली तर भूलतज्ज्ञांना थांबायला सांगायचं, कळ ओसरू द्यायची. दोन-चार मिनिटांत पाय गरम होतात, मुंग्या येतात, जड पडतात. "पाय गेले" म्हणून बाई घाबरते, म्हणून तीन-चार तासांत ते परत येतील हे आधीच सांगितलेलं असावं.

झोपवल्यावर उजव्या कुल्ल्याखाली उशी देऊन पोट डावीकडे कललेलं ठेवतात, कारण सरळ उताणं झोपवलं तर गर्भपिशवीचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि बीपी उतरतं. भुलीनेही ते उतरतंच. मॉनिटरवर आकडा यायच्या आधी बाई सांगते, "मळमळतंय, कसंतरी होतंय." हे ऐकलं की लगेच भूलतज्ज्ञांना सांगायचं आणि मान बाजूला वळवायची. "काही नाही होत, घाबरू नका" हे वाक्य तिथे चुकीचं आहे, कारण होत असतं.

टेबलावर बाईला काय काय कळतं याची यादी आमच्या तोंडपाठ आहे. भुलीने दुखणं जातं, ओढ आणि दाब कळतो. यंत्राने रक्त थांबवताना जळका वास येतो, आणि पुष्कळ जणींना वाटतं आपलं काहीतरी जळलं. सक्शनचा घरघराट ऐकू येतो. बाळ काढताना पोटावर वरून जोर देतात, तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, श्वास अडतो. ते मिनिटभरात संपतं. सुरी लागल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत साधारण पाच ते दहा मिनिटं, पुढे वार काढून टाके घालायला अर्धा-पाऊण तास. त्यात थंडी वाजून दात कडकडा वाजतात. तो ताप नसतो, भुलीचा परिणाम असतो. गरम ब्लँकेट द्यायचं आणि तसं सांगायचं. खांदा दुखला तर तिला हृदयाची शंका येते. पोटातल्या रक्ताने किंवा हवेने छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला चीड आली की दुखणं खांद्यात जाणवतं. तरी छातीत दुखतंय किंवा दम लागतोय असं म्हणाली तर भूलतज्ज्ञांनी बघितल्याशिवाय समजूत घालत बसायचं नाही. आणि तिने "दुखतंय" म्हटलं, तर ते दुखतंय असंच धरायचं. "तो नुसता दाब आहे" म्हणून दडपलेल्या बायका पुढे वर्षानुवर्षं ते टेबल विसरत नाहीत.

बाळ रडण्याआधीचे ते काही क्षण. आईचे कान तिकडेच लागलेले असतात. बाळ लगेच रडलं नाही तर सगळे बाळाकडे वळतात आणि तिच्या उशाशी कुणीच उरत नाही. तिथे एकीने थांबायचंच. खोटं सांगायचं नाही. "डॉक्टर बाळाला श्वासाची मदत देतायत, मी बघून तुम्हाला सांगते," एवढं खरं आणि पुरेसं आहे. बाळ दाखवताना मुलगा की मुलगी ते आईनेच बघून सांगावं, अशी रीत बऱ्याच ठिकाणी आहे. ती ओळख पटवण्यासाठी चांगली आहे. मुलगी असेल तर आपला आवाज अर्धा सूरही खाली येता कामा नये. तिने सगळ्यात आधी आपला आवाज ऐकलेला असतो, सासरच्यांचा नंतर.

मूल बंद करायचं ऑपरेशन किंवा तांबी बसवायची असेल तर विचारणा आणि संमती आधी, शांतपणे, तिच्या एकटीशी बोलून. पोट उघडं असताना कधीच नाही.

बाळाची तब्येत चांगली असेल तर पुसून, कोरडं करून, टोपडं घालून ते तिथेच आईच्या छातीवर ठेवता येतं. मॉनिटरच्या वायरी जरा बाजूला चिकटवाव्या लागतात, एक हात मोकळा ठेवावा लागतो आणि एका सिस्टरला तिथून हलता येत नाही. जमत नाही असं म्हणतात तिथे बहुतेक वेळा हा तिसरा भागच जमत नसतो.

वॉर्डात किंवा रिकव्हरीत आणल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, पोटावरून गर्भपिशवी आणि पॅड. गर्भपिशवी बेंबीजवळ, क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक लागली पाहिजे. मऊ, कणकेसारखी लागली तर चोळून घट्ट करायची आणि त्याच क्षणी हाक मारायची. ताज्या टाक्यांच्या वर हात दाबणं म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच असते. म्हणून कारण सांगायचं: "रक्त जास्त जात नाही ना ते बघायला दाबणार आहे, तोंडाने फुंकर घाला." फुंकर घालताना पोट ढिलं पडतं आणि आपल्यालाही नीट कळतं. पॅड तासाभराच्या आत पूर्ण भिजलं, नाडी चढत गेली, तर बीपी ठीक असलं तरी थांबायचं नाही. तरुण बाईचं बीपी उशिरा पडतं. भिजलेल्या पॅडचं वजन करावं. कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. नुसत्या अंदाजात रक्त नेहमी कमीच दिसतं. लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली तर आधी नळी दबली किंवा पिळली नाही ना ते बघायचं, मग डॉक्टरांना कळवायचं. लघवीची पिशवी खाटेच्या पातळीखाली असावी पण जमिनीला टेकू नये.

दुखण्याबद्दल आमचं मत ठाम आहे: बाईने मागेपर्यंत थांबू नये. पहिल्या रात्री भूल उतरते आणि नेमकी त्याच वेळी सिस्टरांची पाळी बदलते. एका पाळीला वाटतं दुसरीने औषध दिलं. आपल्याकडच्या बायका मागतही नाहीत, "बाळंतपणात दुखायचंच" हे त्यांच्या मनात पक्कं असतं. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला, पुरेशा वजनाच्या बाईला दर सहा तासांनी एक ग्रॅम, दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही. सोबत डायक्लोफेनॅक, पण रक्तस्राव जास्त झाला असेल, बीपीमुळे किडनीवर ताण असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. किती दुखतंय हे झोपलेल्या बाईला विचारून समजत नाही. "खोकून दाखवा, कुशीवर वळून दाखवा" म्हणावं. तिला वळता येत नसेल तर औषध पुरलेलं नाही, ती काहीही म्हणो. दुखणाऱ्या आईला बाळ जवळ घ्यावंसं वाटत नाही, आणि मग त्याचाच अपराध तिला खात राहतो.

उशीबद्दल दोन शब्द. चोवीस तास उशी द्यायची नाही, मान उचलायची नाही, असा दंडक अजून पुष्कळ ठिकाणी पाळतात. सपाट झोपून राहिल्याने डोकेदुखी टळते असं दिसत नाही. सुईमुळे होणारी डोकेदुखी ओळखायची खूण वेगळी आहे: बसलं की कपाळ आणि मान ठणकते, आडवं झालं की थोड्या वेळात उतरते. तसं झालं तर भूलतज्ज्ञांना बोलवावं. पण आडवं होऊनही डोकं थांबत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, उलट्या होतात, झटका येतो, तर बीपी बघा आणि मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ तर नाही ना याची शंका घ्या. तिथे एक तासही दवडू नये.

खाण्याचंही तसंच. गॅस सुटेपर्यंत कडक उपास, ही जुनी पद्धत. साधं सिझर असेल, उलटी नसेल, तर काही तासांत घोटघोट पाणी, मग चहा किंवा पेज, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मऊ वरणभात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझरच्या बाळंतिणीला सात दिवसांपर्यंत मोफत जेवण आहे, औषधं आणि रक्तही मोफत आहे. हे तिला आणि तिच्या आईला आपणहून सांगावं. कितीतरी जणी पैशांच्या काळजीने रात्रभर जाग्या असतात आणि आपल्याला वाटतं टाके दुखतायत.

पहिलं उठणं हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक प्रसंग. पाय पूर्ण हलायला लागले, बीपी ठीक आहे, औषध देऊन अर्धा-पाऊण तास झाला, मगच. थेट उठून बसायला लावलं की सगळा ताण टाक्यांवर येतो. गुडघे वाकवायचे, पूर्ण कुशीवर वळायचं, घडी केलेली चादर एका हाताने टाक्यांवर दाबून धरायची, पाय खाटेखाली सोडायचे आणि दुसऱ्या कोपराने रेटत बसायचं. बसल्यावर दोन-तीन मिनिटं काहीच करायचं नाही. मग उभं राहणं. उभं राहताच साचलेलं रक्त भसकन अंगावरून जातं आणि बाई किंचाळते, "टाके तुटले!" हे आधी सांगितलेलं असेल तर ती फक्त दचकते. एक मोठं पॅड आणि पायाखाली जुनी चादर आधीच ठेवावी, म्हणजे पाय भरल्याची लाज वाटत नाही. ओठ पांढरे पडले किंवा घाम फुटला तर चालवायचा हट्ट नाही, परत आडवं. पहिल्या दिवशी चार पावलं चालली तरी ती खुशीत येते. "माझे पाय माझे झाले," असं त्या म्हणतात. नळी बारा ते चोवीस तासांत निघते. निघाल्यावर सहा तासांत लघवी झाली का, हे बघायचं विसरू नये.

पाजण्याबाबत सिझरच्या बाईला सगळ्यात जास्त बोलणी बसतात. "दूधच नाही हिला." पान्हा दोन ते चार दिवसांत येतो, सिझरनंतर थोडा उशिराही येतो. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं आणि चीक तेवढाच असतो. सासूबाईंना तो चमचा दाखवला की पटतं. मध, गुळाचं पाणी, घुटी नको, हे तेव्हाच सांगायचं. बाळ टाक्यांवर लोळू नये म्हणून कुशीवर झोपून पाजणं सोपं, किंवा काखेत बाळ धरून, त्याचे पाय पाठीमागे, खाली उशी. तोंडात नुसती बोंडशी नको, काळा भागही गेला पाहिजे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. बाळ ओढत नसेल तर हाताने चीक काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने.

आणि बाळ काचेच्या पेटीत असेल तर? कळा न येता झालेल्या सिझरमध्ये फुप्फुसातलं पाणी लवकर जात नाही, श्वास मिनिटाला साठच्या वर जातो आणि एक-दोन दिवस नवजात कक्षात ठेवावं लागतं. शेजारच्या तिन्ही खाटांवर बाळं रडत असतात आणि हिचा पाळणा रिकामा. तिला शक्यतो दुसऱ्या कोपऱ्यातली खाट द्यावी, बाळाचा फोटो नातेवाइकांच्या मोबाइलवर दाखवावा, आणि पहिल्या सहा तासांच्या आत दूध काढायला बसवावं. चार थेंब निघाले तरी ते कक्षात पाठवून "तुमचं दूध बाळाला दिलं" हा निरोप परत आणायचाच. हा निरोप आणणारी मावशी आमच्याकडे औषधाइतकी मोलाची आहे. चालता येईपर्यंत वाट न बघता तिला व्हीलचेअरवर नेऊन बाळाला हात लावू द्यावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जवळजवळ प्रत्येक वॉर्डात कुणीतरी रडत असतं. पान्हा दाटलेला, झोप नाही, पोट फुगलेलं, पाहुण्यांची रांग. त्यात कुणीतरी म्हणून जातं, "बरं झालं, कळा सोसाव्या नाही लागल्या." पोटाचे सात थर उघडून झालेल्या बाळंतपणाला सोपं म्हणणारं हे वाक्य आम्ही खाटेजवळ ऐकलं तर तिथल्या तिथे थांबवतो, मग बोलणारं कुणीही असो. आणि "रडू नको, दूध आटेल" हेही. रडण्याने दूध आटत नाही. तिला रडू द्यावं, बाळ तासभर आजीकडे द्यावं आणि झोपू द्यावं. ज्या डॉक्टरांनी सिझर केलं त्यांनी किंवा आम्ही खुर्ची ओढून दहा मिनिटं बसून सिझर का करावं लागलं ते सांगावं: ठोके किती झाले होते, किती तास थांबलो, थांबलो असतो तर काय झालं असतं. "मी जोर कमी लावला का?" हा प्रश्न तिच्या मनात असतोच. ती विचारत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

साधं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. न ओसरलं तर नैराश्याची शंका घ्यायची. त्यासाठी एडिनबर्गची १९८७ मधली दहा प्रश्नांची चाचणी आहे, तीस गुणांची, १३ किंवा जास्त आले तर मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी. ही प्रश्नावली सासू-नवऱ्यासमोर भरून घेतली तर सगळी उत्तरं छानच येतात. बाळ झोपलं तरी बाईला झोप येत नाही, असंबद्ध बोलते, बाळ आपलं नाही म्हणते, कुणी कानात बोलतंय म्हणते, ही तातडीची अवस्था आहे. आई आणि बाळाला एकटं सोडायचं नाही, आणि ताप, साखर, बीपीही तपासायचं, कारण भ्रम शरीरातल्या बिघाडानेही होतो. "बाहेरचं झालंय" म्हणून अंगारा लावून दिवस घालवलेल्या बायका फार उशिरा येतात. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक डिस्चार्ज कार्डावर शाईने लिहून द्यावा.

घरी जाताना जखम उघडी, कोरडी ठेवायची. आडव्या छेदाचे टाके साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. लाली पसरली, पाणी किंवा पू आला, वास आला, १००.४ च्या वर ताप, एका पोटरीत दुखून सूज, तर परत यायचं. तेल-मालिश जखमेवर नको. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून शेक-धुरी तर अजिबात नको, त्या धुराचा विषारी वायू आई-बाळाला गुदमरवू शकतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खावेत. लोहाच्या गोळ्या १८० दिवस आणि कॅल्शियम सहा महिने चालूच.

कार्डावर सिझरचं कारण आणि गर्भपिशवीवरचा छेद कसा आहे ते लिहिलेलं असलंच पाहिजे, कारण पुढच्या खेपेला नॉर्मल होऊ शकेल का हे त्या एका ओळीवर ठरतं. आशाताई ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पिशवीतून वजनकाटा निघाला की सगळं घर बाळाभोवती गोळा होतं. आम्ही आशाताईंना सांगतो, काटा काढायच्या आधी तिच्याशेजारी बसा आणि विचारा, "काल रात्री तुम्ही किती झोपलात?"